रक्तविकारांची लक्षणे आणि त्यांचे वाचन

रक्त शरीराच्या प्रत्येक अवयवापर्यंत पोचत असल्यामुळे त्याच्यात बिघाड झाला की त्याची पहिली खूण बहुधा दुसऱ्याच एखाद्या अवयवात उमटते. रक्तक्षय झालेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते म्हणून तो हृदयाच्या तपासण्या करून घेतो, हिमोफिलिया असलेल्या मुलाचा गुडघा सुजतो म्हणून त्याला संधिवाताची औषधे दिली जातात आणि हाडांच्या मगजाचा कर्करोग झालेला वृद्ध पाठदुखीवर महिनोन्महिने मलम चोळत राहतो. रक्तविकारांच्या बहुतेक लक्षणांत केवळ त्यांचेच म्हणता येईल असे एकही लक्षण सहसा नसते. थकवा, ताप, अंगदुखी, काळेनिळे डाग हे सारे इतर अनेक कारणांनीही घडते. म्हणून प्रस्तुत लेखात लक्षणांची नुसती यादी न देता, रक्ताचे कोणते काम अडले म्हणजे कोणते लक्षण उमटते, ती लक्षणे कोणत्या जोडीने आणि कोणत्या वेगाने येतात आणि ती कोणत्या वयात व कोणत्या कुटुंबात दिसतात, या प्रश्नांच्या आधारे या विषयाचा आढावा घेतला आहे. लक्षणांचा अर्थ या प्रश्नांमधूनच लागतो, आणि ते विचारले न गेल्यामुळेच निदान लांबते.

रक्ताची कामे आणि लक्षणांचे गट

रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग रक्तद्रवाचा असतो आणि उरलेल्या भागात तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या पेशी त्यांच्यातील हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाच्या साहाय्याने फुप्फुसांतून प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्तबिंबिका, रक्तवाहिनीला पडलेले छिद्र तात्काळ बुजवतात. रक्तद्रवात रक्त साकळण्यास मदत करणारी अनेक प्रथिने असतात आणि बिंबिकांनी बुजवलेले छिद्र पक्के करण्याचे काम ती करतात. तिन्ही प्रकारच्या पेशी हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की प्राणवायूच्या टंचाईची लक्षणे दिसतात, पांढऱ्या पेशी कमी किंवा निकामी झाल्या की वारंवार जंतुसंसर्ग होतो, बिंबिका किंवा साकळवणारी प्रथिने घटली की रक्तस्राव होतो आणि साकळण्याची क्रिया अवाजवी वाढली की वाहिनीतच गुठळी धरते.

या पेशींचे आयुष्य सारखे नसते आणि लक्षणांचा क्रम समजण्यासाठी ही गोष्ट फार उपयोगी पडते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका ७ ते १० दिवस टिकते आणि जीवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस राहतात. त्यामुळे मगजाचे काम अचानक बंद पडले तर ताप आणि रक्तस्राव आधी दिसू लागतात आणि फिकटपणा काही आठवड्यांनी वाढतो. याउलट अन्नातील लोह अपुरे असेल तर रक्तक्षय इतक्या सावकाश येतो की शरीर त्याच्याशी जुळवून घेते आणि रुग्णाला आपण आजारी आहोत हेच उमगत नाही.

रक्तक्षय : सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित

हिमोग्लोबिन ठरावीक पातळीखाली उतरणे म्हणजे रक्तक्षय किंवा ॲनिमिया होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ही पातळी दर डेसिलिटर रक्तामागे प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम आणि गरोदर स्त्रियांत साधारण ११ ग्रॅम धरली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रात हेच प्रमाण अनुक्रमे ५४ आणि ६९ टक्क्यांच्या आसपास होते. या सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर मापन होते आणि शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६–१८ च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात लहान मुलांतील प्रमाण ४१ टक्क्यांच्या जवळपास निघाले. म्हणजे नेमक्या आकड्याबाबत मतभेदाला जागा आहे. पण लहान आकडा धरला तरी प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही.

तांबड्या पेशी कमी झाल्यावर उरलेल्या पेशींकडून अधिक काम करून घेण्यासाठी हृदय जलद चालते. म्हणून छातीत धडधड होते, चढ चढताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना धाप लागते, डोके दुखते, उठताना भोवळ येते, लक्ष लागत नाही आणि पायांवर सूज येऊ शकते. फिकटपणा पाहण्यासाठी चेहऱ्याचा रंग भरवशाचा नसतो, कारण सावळ्या किंवा काळ्या त्वचेत तो लपतो. त्यासाठी खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखांखालची त्वचा आणि तळहाताच्या रेषा पाहाव्या लागतात. मात्र या ठिकाणी लाली दिसली म्हणून रक्तक्षय नाहीच असे म्हणता येत नाही, कारण सौम्य आणि मध्यम रक्तक्षय अनुभवी डोळ्यांनाही चुकवतो. रक्तक्षयाचा वेगही लक्षात घ्यावा लागतो: सात ग्रॅमवर सावकाश पोचलेली स्त्री शेतात दिवसभर राबताना दिसते, तर एका रात्रीत रक्तस्राव होऊन त्याच आकड्यावर आलेला माणूस बेशुद्ध पडू शकतो.

लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण असून तिच्या काही खुणा बऱ्याच बोलक्या असतात. नखे पातळ व ठिसूळ होऊन मध्यभागी खोलगट बनतात, ओठांचे कोपरे चिरतात, जीभ गुळगुळीत होते, केस गळतात, रात्री पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत आणि माती, भिंतीचे पोपडे, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होते. माती खाणाऱ्या मुलाला रागावले जाते आणि गरोदर स्त्रीची हीच इच्छा डोहाळे म्हणून कौतुकाने घेतली जाते. दोन्ही ठिकाणी रक्ताची तपासणी राहून जाते. लोह कशामुळे कमी झाले हा प्रश्न लोहाच्या गोळ्यांइतकाच महत्त्वाचा आहे. तरुण स्त्रियांत पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे आणि अपुरा आहार ही कारणे प्रमुख असतात, अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत आकडीसारख्या तोंडाच्या आतड्यातील कृमींमुळे रक्त जाते, तर पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळली की जठरातील व्रण, मूळव्याध किंवा आतड्याचा कर्करोग यांतून रक्त झिरपत नाही ना, हे पाहणे आवश्यक ठरते. डांबरासारखे काळे व चिकट शौच होणे ही अशा झिरपण्याची ठळक खूण आहे. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, हे लक्षात ठेवावे.

ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलिक ॲसिड यांच्या कमतरतेत तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात. या प्रकाराच्या अभ्यासाशी मुंबईचा थेट संबंध आहे. ब्रिटिश वैद्यक लुसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांच्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपयुक्त घटक फोलिक ॲसिड असल्याचे पुढील दशकात स्पष्ट झाले. ब-१२ जीवनसत्त्व मात्र केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते, त्यामुळे पूर्ण शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या कुटुंबांत त्याची कमतरता सर्रास आढळते; वर उल्लेखिलेल्या पोषण सर्वेक्षणात जवळपास एकतृतीयांश किशोरवयीन मुलामुलींत ती दिसून आली. हातापायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा, जीभ लालभडक व गुळगुळीत होणे, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडणे आणि त्वचेला फिकट पिवळसर छटा येणे ही तिची लक्षणे आहेत. मज्जातंतूंची लक्षणे हिमोग्लोबिन घसरण्याआधीही येऊ शकतात, आणि अशा रुग्णाला केवळ फोलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ब-१२ ची कमतरता असलेल्या मातेच्या केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाने शिकलेले हसणे, मान धरणे विसरणे, सुस्त होणे आणि हातांना कंप सुटणे ही अत्यंत गंभीर खूण असून वेळेवर उपचार झाल्यास बाळात झपाट्याने सुधारणा होते.

तांबड्या पेशी मुदतीआधी फुटू लागल्या तर फिकटपणाच्या जोडीला डोळ्यांत पिवळेपणा येतो, कारण फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. फिकटपणा आणि कावीळ एकत्र दिसणे, लघवी कोकमाच्या सरबतासारखी लालसर किंवा गडद तपकिरी होणे आणि डाव्या बरगडीखाली पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागणे या तीन खुणा पेशीनाशाकडे बोट दाखवतात. अशा रुग्णाला यकृताची कावीळ समजून झाडपाल्याचे औषध देत बसण्यात अनमोल वेळ वाया जातो.

अनुवांशिक रक्तविकार

सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील एकच घटक बदललेला असतो आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. १९१० मध्ये शिकागो येथे जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे दाखवून दिले. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात नंदुरबार, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली आदी जिल्ह्यांत, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत तसेच विदर्भातील इतर काही समाजांतही तो लक्षणीय प्रमाणात आढळतो.

अर्भकाच्या रक्तातील गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन पहिले काही महिने संरक्षण देत असल्याने सिकलसेलची लक्षणे बहुधा सहा महिन्यांनंतर सुरू होतात. बाळाचे दोन्ही हातपाय सुजून दुखणे ही अनेकदा पहिली खूण असते. पुढे थंडी, ताप, पाणी कमी पिणे किंवा अतिश्रम यांमुळे हाडे, पाठ, छाती व पोट यांत असह्य वेदनेचे झटके येतात, डोळे वारंवार पिवळे होतात, पायांच्या घोट्याजवळ भरून न येणाऱ्या जखमा होतात आणि तरुण वयात खुब्याचा सांधा झिजतो. अचानक फिकट पडणे व पांथरी झपाट्याने वाढणे, छातीत दुखून श्वास अपुरा पडणे, एका अंगाची ताकद जाणे किंवा पुरुषांत तासन्‌तास राहणारा वेदनायुक्त ताठरपणा ही या आजारातील तातडीची लक्षणे आहेत. वेदनेच्या वेळी बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे रुग्णावर ढोंगाचा आरोप होतो. हा अन्याय थांबणे हे लक्षण-साक्षरतेचे पहिले फळ ठरावे. दोषयुक्त जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहक व्यक्तीला मात्र सहसा कोणतेही लक्षण नसते, म्हणून वाहक ओळखण्यासाठी तपासणी हाच मार्ग उरतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्यावरील ओझे दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच्या साखळ्या पुरेशा बनतच नाहीत. तीव्र प्रकारच्या थॅलेसेमियाचे मूल जन्मतः निरोगी दिसते. पहिल्या दोन वर्षांत ते फिकट पडू लागते, बाळसे धरत नाही, पोट फुगते आणि उपचार न मिळाल्यास मगज पसरल्यामुळे कपाळाची व गालांची हाडे पुढे येतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या शहरांत याविषयीची जागृती विशेष महत्त्वाची ठरते. वाहक व्यक्तीत फार तर सौम्य रक्तक्षय असतो आणि त्याला लोहाची कमतरता समजून वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. तांबड्या पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर असतील, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पुरेसे असेल आणि हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक असेल, तर वाहकत्वाची शक्यता बळावते. सिकलसेल असो वा थॅलेसेमिया, दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाधित अपत्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी किंवा निदान गर्भारपणाच्या सुरुवातीस ही तपासणी होणे हिताचे असते.

जी-६-पी-डी या विकराची कमतरता हा तिसरा सामान्य अनुवांशिक दोष असून पारशी समाजासह अनेक समाजांत तो आढळतो. एरवी निरोगी असलेल्या अशा व्यक्तीने हिवतापावरील प्रायमाक्विन किंवा काही सल्फा औषधे घेतल्यास, किंवा अर्भकाचे कपडे ज्या पेटीत ठेवले तिच्यात डांबरगोळ्या असल्यास, एक-दोन दिवसांत लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात आणि हिमोग्लोबिन वेगाने घसरते.

रक्तस्रावाची भाषा

रक्तस्राव कोठे आणि केव्हा होतो यावरून दोष बिंबिकांत आहे की साकळवणाऱ्या प्रथिनांत, याचा बराच अंदाज बांधता येतो. बिंबिका कमी किंवा निकामी असल्यास रक्तस्राव त्वचेत आणि ओलसर अस्तरांतून होतो: पायांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उठतात आणि बोटाने दाबल्यावर ते पुसट होत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते, घोळणा फुटतो, पाळीत अतिस्राव होतो आणि कापल्या जागी रक्त लगेच व बराच वेळ वाहते. प्रथिनांची कमतरता असल्यास रक्तस्राव खोलवर आणि काहीसा उशिरा होतो: सांध्यात व स्नायूत रक्त भरते, आणि दात काढल्यानंतर थांबलेले रक्त काही तासांनी पुन्हा वाहू लागते.

सर्दी-तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी एरवी हसत्याखेळत्या मुलाच्या अंगावर अचानक ठिपके व काळेनिळे डाग दिसले, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच बिंबिका नष्ट केल्याचा प्रकार असू शकतो आणि मुलांत तो बहुतांशी आपोआप बरा होतो. त्याच ठिपक्यांच्या जोडीला फिकटपणा, ताप, हाडांचे दुखणे, गाठी किंवा पांथरीची वाढ असेल, तर मात्र ल्युकेमियाचा विचार करावा लागतो. पावसाळ्यात बिंबिका घटण्याचे सर्वांत परिचित कारण डेंग्यू हे असते. त्यात रुग्ण दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यामुळे. म्हणून ताप उतरताना पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे आणि सुस्ती येणे यांकडे बिंबिकांच्या आकड्याइतकेच लक्ष द्यावे लागते, आणि तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन न घेता पॅरासिटामॉल घ्यावे लागते.

हिमोफिलियात साकळवणाऱ्या आठव्या किंवा नवव्या घटकाची कमतरता असते. हिमोफिलिया ए, म्हणजे आठव्या घटकाची कमतरता, दर ५,००० मुलग्यांमागे सुमारे एकात आढळते. दोष आईकडून मुलाकडे येत असल्याने मुलाच्या मामाला किंवा मावसभावाला असाच त्रास होता का, हा प्रश्न फार मोलाचा ठरतो. तथापि सुमारे एकतृतीयांश रुग्णांत कुटुंबाचा असा इतिहास नसतो. मूल रांगू-चालू लागल्यावर गुडघ्या-कोपरांवर मोठे काळेनिळे उंचवटे येणे, लसीच्या सुईनंतर मांडी सुजणे, सुंता किंवा दात पडणे यानंतर रक्त न थांबणे आणि वारंवार एकच सांधा गरम होऊन सुजणे ही त्याची वाट आहे. सांधा सुजण्याआधी रुग्णाला त्यात झिणझिण्या आणि जडपणा जाणवतो आणि त्याच क्षणी घटक मिळाला तर सांधा वाचतो, म्हणून मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

फिनलंडचे वैद्यक एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार हा अनुवांशिक रक्तस्रावाचा सर्वांत सामान्य प्रकार असून तो स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. पहिल्या पाळीपासूनच सात दिवसांहून अधिक जाणे, दर तासाला पॅड बदलावा लागणे, मोठ्या गाठी पडणे आणि शाळा बुडणे हे अनेक मुलींत त्याचे एकमेव लक्षण असते. आईलाही तसाच त्रास झाल्यामुळे घरात तो नेहमीचाच मानला जातो आणि मुलगी वर्षानुवर्षे रक्तक्षय सोसत राहते; ही हानी पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे.

नको तेथे साकळलेले रक्त

रक्त वाहिनीतच साकळण्याची प्रवृत्ती अनेकदा अचानक प्रकट होते. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम व लालसर होणे ही खोल शिरेतील गुठळीची खूण असून ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, थुंकीत रक्त पडते किंवा शुद्ध हरपते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणाच्या सुमारास, दीर्घ काळ अंथरुणाला खिळल्यावर, लांबच्या प्रवासानंतर, कर्करोगात आणि संततिनियमनाच्या काही गोळ्यांमुळे हा धोका वाढतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीतही साकळण्याशी संबंधित एका प्रतिपिंडाच्या आजाराची तपासणी केली जाते. तांबड्या पेशी अवाजवी वाढल्या तर रक्त दाट होऊन चेहरा लालबुंद दिसतो, डोके जड राहते आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटते. हे शेवटचे लक्षण विचारल्याशिवाय रुग्ण सांगत नाही.

पांढऱ्या पेशी, गाठी आणि मगज

ल्युकेमियात मगज अपक्व पांढऱ्या पेशींनी भरून जातो आणि बाकीच्या पेशींना जागा उरत नाही. त्यामुळे फिकटपणा, न हटणारा ताप व रक्तस्राव ही त्रयी एकत्र दिसते. तीव्र प्रकारात ती काही आठवड्यांत उभी राहते. लहान मुलांत पाय दुखतात म्हणून चालायला नकार देणे किंवा लंगडणे हेच पहिले लक्षण असू शकते आणि काही प्रौढ रुग्णांच्या हिरड्या सुजून येतात. जुनाट मायलॉइड प्रकार मात्र दबक्या पावलांनी येतो: थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, डावी कूस जड राहते, वजन घटते आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात निघतात. २००१ मध्ये उपयोगात आलेल्या इमॅटिनिबमुळे हा आजार गोळ्यांवर दीर्घ काळ आटोक्यात राहतो, म्हणून तो लवकर ओळखण्याला आता मोठा अर्थ आहे.

लसिकाग्रंथींच्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण दुखते आणि जखमेबरोबर जिरते. लिम्फोमाची गाठ बहुधा न दुखणारी, रबरासारखी लवचीक आणि वाढत जाणारी असते. तिच्या जोडीला ३८ अंश सेल्सियसहून अधिक ताप, कपडे बदलावे लागतील इतका रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही लक्षणे असतील तर त्यांची नोंद आजाराच्या वर्गीकरणातही घेतली जाते. भारतात ही सारी लक्षणे क्षयाचीही असतात, त्यामुळे मानेतील गाठीला गंडमाळा समजून तपासणीविना क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. गाठीचा तुकडा काढून तपासणे हा या संभ्रमावरचा खात्रीचा उपाय आहे. केवळ सुईने काढलेला नमुना लिम्फोमासाठी पुष्कळदा अपुरा पडतो.

मायलोमा हा मगजातील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो. पाठीचे किंवा बरगड्यांचे न थांबणारे दुखणे, किरकोळ धक्क्याने हाड मोडणे, रक्तक्षय, मूत्रपिंडांचे काम मंदावणे आणि रक्तात कॅल्शियम वाढल्याने तहान, बद्धकोष्ठ व गोंधळलेपणा येणे ही त्याची चौकट आहे. साठीच्या पुढील व्यक्तीत पाठदुखी आणि रक्तक्षय एकत्र आढळले तर त्यांना वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये.

तपासणीचे स्थान आणि नेहमीच्या चुका

लक्षणांनी जागवलेल्या शंकेचे पहिले उत्तर सीबीसी या साध्या तपासणीत असते. तीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, बिंबिका आणि तांबड्या पेशींचा सरासरी आकार एकाच नमुन्यात कळतो; निरोगी प्रौढांत पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि बिंबिका दीड ते साडेचार लाख असतात. यंत्राच्या आकड्यांइतकेच महत्त्व काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला आहे, कारण विळ्यासारख्या पेशी, अपक्व पेशी किंवा हिवतापाचे परजीवी तेथे प्रत्यक्ष दिसतात, आणि नळीत बिंबिकांच्या गुठळ्या झाल्यामुळे यंत्राने दाखवलेला खोटा कमी आकडाही तेथेच उघड होतो. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी दुर्मीळ आजारांची पुढील तपासणी होते. तथापि पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही चढता येते.

निदान चुकवणाऱ्या काही सवयी वारंवार दिसतात. हिमोग्लोबिन कमी दिसताच कारण न शोधता रक्तवाढीचे टॉनिक देणे, अंगदुखी व तापावर स्टेरॉइडची इंजेक्शने घेणे, रक्तस्रावाचा संशय असताना स्नायूत सुई टोचणे आणि बिंबिकांच्या आकड्याची धास्ती घेऊन गरज नसताना त्या चढवणे, या सर्वांनी नुकसान होते. यांपैकी स्टेरॉइडचा धोका विशेष मोठा आहे, कारण त्याने ल्युकेमिया व लिम्फोमा काही काळ दबतात, तपासणीत सापडत नाहीत आणि नंतर अधिक बळकट होऊन उफाळतात.

तातडी कोठे आणि सबुरी कोठे, हेही स्पष्ट असणे बरे. विश्रांतीतही धाप लागणे, डोक्याला मार लागलेल्या हिमोफिलिया रुग्णाचे डोके दुखणे किंवा उलट्या होणे, अंगभर ठिपक्यांसोबत ताप असणे, एकच पाय सुजून छातीत कळ येणे, लघवी अचानक काळपट होणे, सिकलसेलच्या मुलाला ताप येणे आणि केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला एकदाही ३८ अंशांवर ताप येणे या स्थितींत त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, रुग्णालय गाठावे. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला थकवा, कमी न होणारी गाठ, कारणाविना घटणारे वजन, वारंवार फुटणारा घोळणा आणि पाळीतील अतिस्राव यांसाठी येत्या काही दिवसांत रक्त तपासून घेणे पुरेसे असते.

रक्तविकारांपैकी पुष्कळ आजार आज बरे करता येतात किंवा दीर्घ काळ आटोक्यात ठेवता येतात, आणि अनुवांशिक विकारांचे पुढील पिढीतील संक्रमण माहितीच्या बळावर टाळता येते. या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा लक्षणांच्या दुर्मिळतेचा नाही. अशक्तपणा हा बाईच्या जातीला, म्हातारपणाला किंवा गरिबीला चिकटलेलाच असतो, ही समजूत खरी आड येते. अशक्तपणा हे कोणत्याही वयात, कोणत्याही घरात अंतिम उत्तर म्हणून स्वीकारू नये. घरातील प्रत्येक मुलीची पाळी सुरू झाल्यावर, प्रत्येक गर्भारपणाच्या आरंभी, लग्न ठरण्यापूर्वी आणि थकवा रेंगाळल्यावर एकदा रक्त तपासून घ्यावे, हिमोग्लोबिन कमी निघाल्यास ते का कमी आहे हे डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न सोडू नये.